मधला तुकडा

१२ फेब्रुवारी ८४, रविवार. वाशी

आप्पांची काठी मोडली. म्हणजे मी मोडली. आपोआप काही मोडलेली नाही.

सुधा शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेली होती. जाताना कपडे पिळून ठेवले आणि वाळत घालायचं काम माझ्यावर सोपवलं. आमची कपडे वाळत घालायची काठी समोरच्या बिऱ्हाडाने नेलेली, आणि ते कुलूप लावून गावाला. गॅलरीतल्या दांड्या छताला टेकलेल्या. स्टुलावर चढूनही हात पुरेना. डोकं फिरलं. कपाटामागे आप्पांच्या मासे धरायच्या काठीची कापडी पिशवी उभी होती. तिच्यातल्या तीन तुकड्यांपैकी दोन काढले, एकात एक बसवले. बांबू तो बांबू, म्हटलं. ओली सोलापुरी चादर टोकावर घेतली, उचलली आणि टक् झालं.

आवाज फार मोठा नव्हता. चादर माझ्या डोक्यावर आली.

मधला तुकडा गेला. पितळी सांध्याच्या दोन बोटं खाली. पिशवीत घालून पिशवी होती तिथे उभी केली. चादर कठड्यावर टाकली म्हणून संध्याकाळी सुधाची बोलणी खाल्ली. खायला बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी, मंगळ

पुण्याहून कमलताईचं कार्ड. तिच्या आणि सुधाच्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी. महिना-दीड महिना तिच्याकडेच ठेवणार. मग इकडे.

सासूबाई गेल्यापासून आप्पा आमच्याकडे आहेत. तीन वर्षं झाली. जावयाच्या घरी राहायचं म्हणून या माणसाने तीन वर्षांत काही मागितलेलं नाही. चहासुद्धा मिळेल तेव्हा. लष्करात हवालदार क्लार्क होते. रिटायर होताना त्यांच्या मेजरसाहेबांनी स्वतःची काठी दिली. विलायती आहे, बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली. हिने डोंगरातल्या नदीत ट्राउट मासे धरतात. घरात त्यांचं म्हणावं असं तेवढंच. मे महिन्यात मेजरसाहेबांनी कुलूला बोलावलंय, 'आता एकदा शेवटचं भेटू, काठी घेऊन या.' डोळा करून घेताहेत ते त्यासाठीच. एरवी म्हणायचे, पेपर वाचण्यापुरतं दिसतं, बास झालं.

सुधाला सांगायला हवं. आज तिचे पेपर तपासायचे होते.

१९ फेब्रु., रवि

बस पकडून मुंबईत. धोबीतलावच्या खेळांच्या सामानाच्या चार दुकानांत गेलो. घरी सांगितलं, ऑफिसच्या कामाला. रविवारी कसलं ऑफिस ते तिने विचारलं नाही.

पहिल्या दुकानात काठी दाखवली ती मनगटाएवढी जाड. "मुशी काढाल साहेब हिने!" म्हटलं, मुशी नको, ट्राउट. "तो कुठे मिळतो?" कुलूला. "मग कुलूलाच घ्या ना."

आप्पा शिकवायचे तेव्हा लक्ष दिलं नाही. एवढं आठवतं: या प्रकारात गांडूळ नाही, शिसं नाही. आकड्याला पिसं बांधून केलेली माशी असते, तिला वजन नाही. वजन दोरीला. काठीने दोरी फेकायची, माशी मागून जाते. म्हणून काठी वाकली पाहिजे आणि परत सरळ झाली पाहिजे, दिवसभर, न थकता. समुद्राची काठी इथे उपयोगाची नाही. हे दुकानदारांना सांगता सांगता मलाच पाठ झालं.

चौथ्या दुकानात एक होती. अस्सल परदेशी, लाकडी पेटीत. किंमत ऐकून पेटी हळूच बंद केली. माझा दोन महिन्यांचा पगार.

२३ फेब्रु., गुरु

आप्पांचं पत्र. सांगणारे आप्पा, लिहिणारी कमलताई. ऑपरेशन झालं, पण डोळ्यातला दाब वाढलाय. टाके आहेत. वाकायचं नाही, खोकायचं नाही, मनाला लावून घ्यायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. शेवटी: 'काठीला दमट हवा सोसत नाही. पिशवीतून काढून सावलीत टांगावी. सांधा डोक्यावरच्या केसांवर फिरवून मग बसवावा, तेल लावू नये.'

सुधाने उत्तर लिहिलं. आमच्या घरची रीत, आंतर्देशीयात खाली चार बोटं जागा सोडायची, दुसऱ्याने आपल्या दोन ओळी लिहायच्या. ती जागा माझी. लिहिलं:

'ती. आप्पांस सा. न. काठी ठीक आहे. काळजी नसावी.'

एवढं लिहायला दहा मिनिटं लागली. सुधा म्हणाली, काय निबंध लिहिताय का?

डॉक्टरांनी माझी चांगली सोय केली. रडायचं नाही म्हटल्यावर सांगायचं तरी कसं. असं मी स्वतःला सांगतो आणि ते मला पटत नाही.

२६ फेब्रु., रवि

पेपरात जाहिरात होती, 'विलायती फिशिंग रॉड, क्वचित वापरलेली'. चेंबूरला गेलो. म्हातारे गृहस्थ. काठी हातात घेतली, हलवली, टोक डावीकडे जायचं तेव्हा मूठ उजवीकडे. क्वचित वापरलेली नव्हे, क्वचित न वापरलेली. त्यांनी चहा दिला आणि तासभर स्वतःच्या गुडघ्यांविषयी बोलले. मुकाट्याने ऐकलं. हल्ली कोणाहीपुढे अपराध्यासारखा बसतो.

४ मार्च, रवि

कळलं.

पत्रात सांगितलं होतं म्हणून सुधाने पिशवी काढली, काठी सावलीत टांगायला. मी दाढी करत होतो.  आरशात तिच्या हातात दोन अर्धे दिसले.

"हे कधी झालं?"

सांगितलं. चादरीसकट सगळं.

वाटलं होतं ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, "मोडली ते मोडली. माझ्या पत्रात खोटं लिहिलंत. माझ्या अक्षराच्या खाली."

 मी उगाच म्हणालो, घरात साधी काठी जागेवर राहत नाही, समोरचे नेतात, तू देतेस. म्हणालो आणि लगेच लाज वाटली. ती उठून गेली. अर्धी दाढी तशीच वाळली.

६ मार्च, मंगळ

दोन दिवस ताटं वाढली जातात, बोलणं नाही. आज बोलली. "सांगायचं तुम्हीच. मी सांगणार नाही आणि झाकणारही नाही. पण टाके निघाल्यावर." मग ताटं उचलताना, "आईचा फोटोसुद्धा त्यांनी कमलताईकडे दिला. ही काठी दिली नाही."

मला वाटलं होतं शिक्षा संपली.

७ मार्च, बुध

तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून कंपनीत नेले. धर्माला दाखवले. धर्मा आमच्या प्लांटवर फिटर, तळवली गावचा, पाळी सुटली की खाडीवर गळ टाकून बसतो. जमीन नव्या शहरात गेली, खाडी राहिली म्हणतो.

त्याने तुटलेली बाजू उजेडात धरली. "ही काठी न्हाय साहेब. सा चिपा हायेत, एकाला एक लावलेल्या. कुनी केली त्याचा हात बगा." मग नखाने आत टोकरलं. "कोरी हाय आतून. जुना तडा असता तर काला पडला असता. ही एका झटक्यात गेली. काय उचललंत हिच्यानी?"

चादर.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"जोडून देतो. सरस लावतो, वरून दोरा बांदतो. पन ती पयल्यासारखी वाकनार नाय. बांदल्या जागी अडनार. पानी दाखवायला ठीक, मासा वडायला नाय."

म्हणजे दुसरी हवीच.

११ मार्च, रवि

धर्माच्या घरी. काठी कशी पारखायची ते शिकलो. टोक छताला टेकवायचं, मूठ धरून हळूहळू पुढे रेटायचं. "कमान कुटं पडते ते बगा. एकाच जागी वाकली का त्याच जागी मोडनार. टोकापासनं मुठीपर्यंत वाक उतरत आला पायजे, जिना उतरल्यासारका." त्याने स्वतःच्या तीन काठ्या दाखवल्या. दोन माझ्या मी ओळखल्या, तिसरी चुकलो.

त्याच्या आईने भाकरी आणि मांदेली वाढली. विचारलं, "कुनाची काठी?" धर्मा म्हणाला, सासऱ्याची, मोडल्याचं अजून सांगितलेलं नाही. "मंग सांगून टाक रं बाबा. सासरा तो, पोलीस हाय का?"

सगळ्यांना किती सोपं वाटतं.

१८ मार्च, रवि

काल होळी, आज धुळवड. अंगावर रंग नको म्हणून सकाळीच निघालो. धर्मा बरोबर. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत एक जुनं दुकान, दार अर्धं उघडं. मालक बोहरी चाचा. म्हटलं, फ्लाय रॉड, माशी फेकायची काठी. त्यांनी चष्मा वर केला. "पाच वर्षांत तुम्ही पहिले. एक पडली आहे. कलकत्त्याहून आली, फायबरची. इथे सगळे समुद्रवाले, ही काडी कोण घेणार?"

क्रिकेटच्या स्टंपांमागून काढली. पिवळी, दोन तुकड्यांची, साडेआठ फूट. मुठीच्या बुचावर झुरळांची अंडी. कड्या गंजलेल्या. माझं तोंड उतरलं.

धर्माने पुसली, जोडली आणि टोक सरळ दुकानाच्या छताला लावलं.

चाचा ओरडले, "अरे अरे! मोडेल!"

"मोडली तर मी घेतली," धर्मा म्हणाला आणि रेटली.

 टोकापासून वाक निघाला, हळूहळू खाली येत राहिला, थेट मुठीशी येऊन थांबला. सोडल्यावर एकदाच थरारली आणि उभी राहिली. धर्माने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "जिना."

"हां. उतरला."

किंमत परवडणारी. नको असलेल्या मालाची असते तशी. धर्माने त्यातूनही थोडी कमी करून घेतली, कड्यांकडे बोट दाखवून. कड्या तो नवीन बसवणार आहे.

येताना बसमध्ये काठी उभी धरून बसलो. पुलावर वारं लागलं तर टोक हलत होतं. महिन्यात पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं. वाशीला उतरेपर्यंत.

२१ मार्च, बुध

सुधाला पिवळी काठी दाखवली. तिने हात फिरवला. "चांगली आहे." मग, "पण ही मेजरसाहेबांची नाही ना."

आप्पांचं पत्र. टाके निघाले. ३० तारखेला कमलताईचे मिस्टर आणून सोडणार. या वेळी काठीबद्दल एक शब्द नाही. का नाही? पत्र दोनदा उलटून बघितलं. खाली कमलताईच्या दोन ओळी होत्या, मुलांच्या परीक्षेविषयी.

२५ मार्च, रवि

धर्माने दोन्ही आणून दिल्या. मोडक्या जागी काळ्या दोऱ्याचे फेरे इतके जवळ जवळ की नख जात नाही. पैसे घेईना. सुधाने त्याच्या आईसाठी पुरणपोळ्या बांधून दिल्या.

बाजारातून कपडे वाळत घालायची नवी काठी आणली. जाडजूड. समोरच्यांना द्यायची नाही.

३० मार्च, शुक्र

आप्पा आले. जाड भिंगाचा चष्मा, आत डोळे केवढे मोठे दिसतात. दारातच थांबले, सगळ्यांकडे बघत. "सुधा, तुझे केस पांढरे झाले की गं." ती हसली आणि आत गेली. मला म्हणाले, "तुम्ही वाळलात."

कपाटामागे बघितलं नाही. विचारलं नाही.

३१ मार्च, शनि

अजून नाही.

सकाळी चहाला बसलो. सुरुवात केली, "आप्पा, एक सांगायचं..." त्यांनी कप बशीत ठेवायला हात नेला, बशी चार बोटं पलीकडे होती. कप फुटला. अंतर कळत नाही म्हणाले, हा चष्मा सगळं जवळ आणतो. मी तुकडे गोळा केले. सांगायचं तिथेच राहिलं. सुधा दारात उभी होती.

२ एप्रिल, सोम. पाडवा

गुढी नव्या काठीवर उभारली. आप्पांनी काठीवरून हात फिरवला. "नवी दिसते. जाड घेतलीत."

"हो."

"बरं केलंत."

आत्ता, म्हटलं. आत्ता सांग. सुधाने कडुनिंबाची गोळी हातावर ठेवली. तोंडात टाकली आणि तोंड बंद झालं. माझ्यासारखा भित्रा मीच. वर्षाचा पहिला दिवस असा गेला.

४ एप्रिल, बुध

ऑफिसातून आल्या आल्या, बूटही न काढता, दोन्ही काठ्या त्यांच्यापुढे कॉटवर ठेवल्या. ठरवूनच आलो होतो. थांबलो असतो तर पुन्हा राहिलं असतं.

त्यांनी पिवळीला हात लावला नाही. जुनी घेतली, डोळे मिटले आणि अंगठा मुठीपासून वर नेत गेले. दोऱ्यापाशी अंगठा थांबला. मी तोंड उघडलं.

"कोणी बांधलं?" त्यांनी विचारलं.

"धर्माने. कंपनीतला."

"चांगलं बांधलंय." मग डोळे न उघडताच, "मधल्या तुकड्याला तडा जुनाच होता. कधीतरी जाणारच होता."

तडा नव्हता. धर्माने मला दाखवलंय, आतून कोरी होती. आप्पांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, त्यांनी ती वीस वर्षं पुसली आहे. मला वाट काढून दिली त्यांनी. आणि मी म्हणालो, "असं का."

असं का! एवढंच म्हणालो.

सुधाने ऐकलं. जेवताना माझ्याकडे बघितलं नाही. तिला विचारलं, तू आधी सांगितलं होतंस? म्हणाली, नाही. "तुम्ही त्यांना कधी दोन ओळींत काठीबद्दल लिहिलं होतंत का आधी? कधीच नाही. त्यांनी पत्र वाचून घेतलं तेव्हाच ओळखलं असेल." असेल. म्हणजे महिनाभर ते डोळ्यावर पट्टी बांधून हे घेऊन पडून होते. न रडता.

६ एप्रिल, शुक्र

संध्याकाळी आप्पा पिवळी काठी घेऊन सेक्टरमागच्या मोकळ्या मैदानात. मी बरोबर. पाणी नाही, गवतच. दोरीच्या टोकाला लोकरीचा धागा. घड्याळाच्या काट्यासारखं, दहावर पुढे, एकवर मागे, मधे थांबायचं. पाच-सहा वेळा फेकली. दोरी अशी सुंदर उलगडत गेली की क्रिकेट खेळणारेही थांबले.

"कुठे पडली?"

"त्या दगडाजवळ."

"किती जवळ? मला दिसत नाही. हा चष्मा मला लांबचं खोटं सांगतो."

"वीतभर डावीकडे."

पुन्हा फेकली. "आता?"

मी म्हणालो, बरोबर दगडावर. पडली होती हातभर अलीकडे. का म्हणालो? सवय लागली आहे मला. आप्पा चालत दगडापर्यंत गेले, वाकून धागा बोटांनी शोधला, तिथेच उभे राहिले. म्हणाले, "जावईबापू, तुम्ही मला पडली तिथेच सांगत जा. काठी चांगली आहे. हात आहे. डोळे तेवढे तुमचे लागतील."

कान तापले माझे. परत येताना काठी त्यांनी माझ्या हातात दिली.

७ एप्रिल, शनि

अर्धा दिवस. दोनला घरी. जेवण झाल्यावर आप्पा म्हणाले, "मेजरसाहेबांना पत्र घालायचंय. लिहून घ्या."

कमलताईकडे कमलताई लिहायची, इथे सुधा लिहिते. आज सुधा समोर बसून होती, पण सांगितलं मला.

लिहून घेतलं. ऑपरेशन ठीक झालं. मेमध्ये येतो, बहुतेक जावई बरोबर असतील. (हे मला तेव्हाच कळलं.)  मग नेहमीच्या आवाजात:

"आपण दिलेल्या काठीचा मधला तुकडा माझ्या हातून मोडला. निष्काळजीपणा झाला. क्षमा असावी. दुसरी काठी बरोबर आणत आहे, ती जावयांनी हिंडून शोधली, उत्तम आहे."

माझं पेन थांबलं.

"लिहा," आप्पा म्हणाले.

"आप्पा, हे..."

"लिहा हो."

लिहिलं. शब्द न् शब्द. त्यांनी पत्र चष्म्याजवळ नेऊन हळूहळू सगळं वाचलं, सही केली. सहीच्या खाली बोटांनी मोजून जागा दाखवली.

"इथे चार बोटं आहेत. तुमचं काही लिहायचं असेल तर." आणि जाऊन कॉटवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. झोपलेले नाहीत. श्वासावरून कळतं.

सुधाने गोंदाची बाटली टेबलावर आणून ठेवली आणि गॅलरीत कपडे काढायला गेली. नवी काठी दांडीला लागल्याचा आवाज येतोय.

कोपऱ्यावरची टपालपेटी पाचला उघडतात. सव्वाचार झाले. आधी इथे लिहून बघावं म्हणून रोजनिशी काढली, तर इथे सगळं भराभर उतरलं. पत्रात आत्तापर्यंत 'ती. मेजरसाहेबांस सा. न.' एवढंच झालंय.